खेळावर लागलेले : कोकणातल्या कबड्डी प्रशिक्षकामागची पार्श्वभूमी

अलिबाग तालुक्याच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका गावात यंदा दिवाळीनंतर मंडळाची सभा भरली आणि रात्री एक वाजेपर्यंत चालली. विषय एकच होता. प्रो कबड्डी लीगमध्ये दोन हंगाम करारावर खेळून, गुडघ्याचं दुखणं घेऊन गावी परतलेला मुलगा (मुलगा म्हणायचं, वय चौतीस) मंडळाच्या संघाला शिकवायला तयार होता, पण त्याने दरमहा ठरावीक रक्कम मागितली होती. त्याच्या आधी वीसेक वर्षं ज्यांनी शिकवलं त्या अण्णांनी कधी चहाचे पैसेही मंडळाकडून घेतले नव्हते. हा पैसे मागतोच कसा, असा सभेचा सूर होता. मी गावच्या स्पर्धांत गुणलेखक म्हणून बसतो, त्यामुळे सभेतही कोपऱ्यात बसलो होतो. भांडण पैशांवरून सुरू झालं खरं, पण तापलं ते ‘व्यावसायिक’ या शब्दावरून. त्या शब्दामागे मोठा गुंता आहे आणि तो सोडवायला थोडं मागे जावं लागतं.

कबड्डीचा इतिहास सांगायचा म्हणजे चक्रव्यूहातल्या अभिमन्यूपासून सुरुवात करायची रीत आहे. ती मी पाळत नाही. नियम १९१८ च्या सुमारास बांधले गेले, १९२३ मध्ये छापले गेले, त्याच वर्षी बडोद्याला मोठी स्पर्धा झाली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने तिथे खेळ करून दाखवला. १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची. संजीवनी, गामिनी आणि अमर या खेळाच्या तीन जुन्या प्रकारांतली संजीवनी तेवढी टिकली. बाकीचं वाचकांना ठाऊक आहे. आमच्या आजोबांची पिढी शेवटपर्यंत हुतूतूच म्हणायची, आणि ‘कबड्डी’ हा शब्द शाळेतून घरी आला, एवढीच माझ्याकडची भर.

या सनावळीत कोकण कुठे दिसत नाही, कारण कोकणातला खेळ तेव्हा मुंबईत नांदत होता. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत गावाकडचे दहा-बारा जण राहायचे आणि पाळी सुटली की चाळीच्या मोकळ्या जागेत उतरायचे. मंडळाला नाव गावच्या देवाचं, पत्ता गिरणगावाचा. गणपतीला आणि शिमग्याला हीच मंडळी गावी यायची तेव्हा खेळही सोबत यायचा. रायगडात आगरी-कोळ्यांच्या गावांत तो रुजला, पण तळकोकणापेक्षा इथे तो जास्त फोफावला त्याला एक साधं कारण आहे, जमीन. खारेपाटातली शेतं एकपिकी. बंधाऱ्याच्या आतलं भात कापून झालं की डिसेंबरपासून पावसापर्यंत रान मोकळं. चिखल वाळून कडक झाला की ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, चोपायचं, वर चाळलेली लाल माती पसरायची. मैदान तयार! पोपटीच्या, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजण्याच्या, दिवसांत सुरू झालेला हंगाम आंबे संपेपर्यंत चालायचा. रात्री बल्बांच्या माळा, पहाटे तीनला अंतिम सामना, आणि मुंबईहून आलेले खेळाडू रेवसच्या पहिल्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून थेट कामावर.

कामावर. सगळी गोष्ट इथेच आहे.

गिरण्यांचे संघ होते, पण गिरणीत खेळाडूला बदली कामगार म्हणून चिकटवायचे, म्हणजे आज काम आहे, उद्या नाही. खरा बदल झाला तो १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर. शाखा वाढल्या, भरती वाढली, आणि बँका, विमा कंपन्या, बंदर, रेल्वे, वीज, एसटी, पोलीस या सगळ्यांनी संघ उभे केले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कित्येक परत आत गेलेच नाहीत. गिरणीचे संघ त्या दोन-तीन वर्षांत विरघळले. ज्यांचे पाय चालत होते ते बँकांकडे आणि कारखान्यांकडे वळले, ज्यांचे थकले होते ते गावी आले. त्याच सुमारास रायगडातच कारखाने उभे राहत होते. उरणला तेल, थळला खत, मग नागोठण्याला पेट्रोरसायनं, १९८९ मध्ये न्हावाशेव्याचं बंदर. जमीन गेलेल्याला नोकरी, आणि त्या नोकरीच्या रांगेत चढाई करणारा पोरगा असला तर रांग थोडी सरकायची. हे सगळं मी शाळकरी वयात पाहिलं आहे, त्यामुळे इथे माझी लेखणी जरा रेंगाळणार.

तेव्हा आमच्याकडे एक वाक्प्रयोग होता, अजूनही आहे. ‘तो खेळावर लागला.’ म्हणजे खेळाच्या जोरावर नोकरीला लागला. लग्नाच्या बोलण्यांत हा शब्द जमिनीच्या सातबाऱ्याइतका वजनदार होता. खेळावर लागलेला मुलगा कागदावर शिपाई, कारकून, हमाल किंवा ऑपरेटर असायचा. सकाळी मस्टरवर सही करायची, दुपारी तीनला सरावासाठी सुटायचं. स्पर्धा असली की विशेष रजा. राज्याच्या संघात निवड झाली की एखादी वेतनवाढ, राष्ट्रीय स्पर्धेत पदक आलं की बढतीचा मार्ग मोकळा. साहेबाला कबड्डीतलं ओ की ठो कळत नसलं तरी चषक त्याच्या केबिनमध्ये लागायचा. खेळाडूला पगार खेळण्याचा मिळत नव्हता. पगार कारकुनीचा होता आणि काम खेळण्याचं होतं. हा फरक त्या काळात कुणी फार मनावर घेतला नाही. आज तो महाग पडतो आहे.

आता तो शब्द.

स्पर्धेच्या पत्रकावर गट छापलेले असतात. स्थानिक, कुमार, महिला, आणि सर्वांत वर ‘व्यावसायिक गट’. मोठ्या स्पर्धांत तर ‘विशेष व्यावसायिक’ असंही असतं. बाहेरून आलेला माणूस हे वाचून म्हणेल की इथे पैसे घेऊन खेळणारे आहेत. तसं नाही. व्यावसायिक गट म्हणजे आस्थापनांचे संघ. ज्या संघाच्या बनियनवर बँकेचं, कारखान्याचं किंवा खात्याचं नाव आहे तो व्यावसायिक. आणि हे संघ ज्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांखाली खेळत, तिच्या नावातच १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘हौशी’ असा अर्थ बसलेला. म्हणजे व्यावसायिक गटातला खेळाडू नियमाने हौशी होता. दोन्ही शब्द एकाच प्रवेशपत्रावर सुखाने नांदत आणि पंचांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

मराठी वाचकाला हे नाटकावरून चटकन कळेल. व्यावसायिक रंगभूमी वेगळी, हौशी वेगळी. हौशी नटाला गाडीभाडं आणि जेवण, व्यावसायिकाला नाइट, म्हणजे प्रयोगामागे पैसे. आमच्या मंडळांत तर एकच पोरगं मार्गशीर्षात नाटकात उभं राहायचं आणि पौषात कबड्डीच्या मैदानात कोपऱ्यावर. पण नाटकात ज्याला व्यावसायिक म्हणतात तो नाटकावर जगतो. कबड्डीत ज्याला व्यावसायिक म्हणत तो बँकेवर जगत होता. पैसे घेऊन खेळणाऱ्यासाठी जुना शब्द ‘धंदेवाईक’ होता आणि तो शिवीसारखाच वापरला जाई. एखाद्या गावाने अंतिम सामन्यासाठी बाहेरचा चढाईपटू आणून त्याच्या हातात पाकीट ठेवलं, तर दुसऱ्या गावचे लोक ‘धंदेवाईक आणलाय’ असं ओरडत. तोच चढाईपटू दुसऱ्या दिवशी बँकेच्या बनियनमध्ये उतरला की व्यावसायिक, म्हणजे इज्जतदार. पाकिटातले दोन-पाचशे रुपये लाजिरवाणे, आणि खेळण्यासाठीच मिळालेली आयुष्यभराची नोकरी मानाची! मला यात ढोंग दिसतं असं म्हटलं तर आमचे ज्येष्ठ रागावतात. पण ते ढोंग उपयोगी होतं, हेही खरं. त्या ढोंगाने शेकडो घरांत चूल पेटती ठेवली.

गुंता इथे संपत नाही. ३० एप्रिल २००५ ला राज्य सरकारने नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षणाचा निर्णय काढला. तेव्हापासून महत्त्व आलं ते प्रमाणपत्राला, तेही अधिकृत राज्य आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांच्या. गावोगावच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा, जिथे खरा खेळ आणि खरी गर्दी, त्या एका फटक्यात कागदाला निरुपयोगी झाल्या. व्यावसायिक गटात दहा वर्षं गाजवलेल्याच्या हातात चषकांचं कपाट, आणि कुमार गटात एकदा राज्याच्या बाकावर बसलेल्याच्या हातात नोकरीचा कागद, असंही घडलं. मग २६ जुलै २०१४ ला मुंबईत वरळीला लीग सुरू झाली आणि ‘प्रो’ हा चौथा शब्द आला. त्याचं मराठी कुणी केलंच नाही. ‘तो प्रो खेळून आलाय’ असंच म्हणतात. करायला गेलं असतं तर ‘व्यावसायिक’च करावं लागलं असतं, आणि तो शब्द तर पत्रकावर आधीच अडकलेला.

सभेतली गफलत नेमकी ही होती. अण्णाही व्यावसायिक खेळाडू, तो मुलगाही व्यावसायिक खेळाडू. मग एकाने फुकट शिकवलं तर दुसरा पैसे का मागतो?

अण्णांची कारकीर्द थोडक्यात सांगतो, कारण ती त्या पिढीतल्या बहुतेकांची आहे. डाव्या कोपऱ्यावरचा खेळाडू, घोट्याची पकड हे हत्यार. विसाव्या वर्षी एका सरकारी बँकेत खेळावर लागले. तेरा-चौदा वर्षं संघात, त्यातली शेवटची दोन राखीव. पस्तिशीला पहिल्या सातातून बाहेर पडल्यावर बँकेने त्यांनाच संघाचं व्यवस्थापक आणि मार्गदर्शक केलं. वेगळं वेतन नाही, फक्त तीनला सुटण्याची मुभा कायम राहिली. त्यांच्याबरोबरचे एक-दोघे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करून आले, ते ‘सर’ झाले. अण्णा गेले नाहीत, म्हणून ते अण्णाच राहिले. आमच्याकडे हा फरक अजून आहे. कागदवाला सर, मातीवाला अण्णा किंवा दादा. निवड चाचणीत सरांचा शब्द चालतो आणि सामना अडला की पोरं अण्णांकडे बघतात. निवृत्त होऊन निवृत्तिवेतनासह गावी आले तेव्हा अण्णांना उरलेलं आयुष्य शिकवायला मोकळं होतं. सकाळी साडेपाचला मैदान, संध्याकाळी पुन्हा मैदान.

शिकवलं काय? दम. पूर्वी चढाईला घड्याळ नव्हतं, दम पुरेल तोवर चढाई. अण्णा पोरांना खाडीच्या बंधाऱ्यावर एका दमात कबड्डी म्हणत पळवत आणि दम तुटला तिथून परत फिरवत. आता चढाईला तीस सेकंद आहेत. दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीला गुण आणायचाच, नाहीतर बाद. तीन किंवा त्याहून कमी क्षेत्ररक्षक असताना पकड झाली तर एक गुण जास्तीचा. यामुळे प्रशिक्षकाचं कामच बदललं. पूर्वी तो घडवायचा आणि सामन्याच्या वेळी कडेला बसून घसा फोडायचा. आता त्याला सामना चालू असताना हिशेब करावा लागतो. कोणती चढाई रिकामी सोडायची, तिसरीला कोणाला पाठवायचं, तीन गडी उरले असताना लोण (सगळा संघ बाद होणं) टाळायचा की मोठी पकड लावायची, तीस सेकंदांचा टाइमआउट कधी घ्यायचा. अण्णांना हे जमलं नाही असं नाही, पण त्यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

मॅटचंही तेच. मातीत अनवाणी खेळणाऱ्याच्या पायाची बोटं जमीन धरतात, मॅटवर बूट धरतात. मातीतला कोपरारक्षक घसरत जाऊन घोटा पकडतो, मॅटवर घसरला तर कातडी सोलते. मॅटवर खेळ वेगवान झाला, उड्या वाढल्या, गुडघेही गेले. शिवाय कोकणातल्या दमट हवेत मॅट ही पांढरा हत्ती पाळण्यातली गोष्ट आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात दर दोन चढायांनी घाम पुसावा लागतो, आणि पावसाळ्यात रचून ठेवलेल्या तुकड्यांना बुरशी धरते. आमच्या गावात मॅट नाही. तालुक्याच्या निवडीला मात्र मॅट. त्यामुळे पोरं वर्षभर मातीत शिकतात आणि परीक्षा मॅटवर देतात.

महिलांच्या बाबतीत ही वाट आणखी अरुंद. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघातल्या तिन्ही मराठी मुलींना राज्य सरकारने प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. पण खेळून झाल्यावर गावात मुलींना शिकवणारी बाई मला आमच्या पट्ट्यात हाताच्या बोटांवर मोजावी लागते. मुलींचे संघ आहेत, प्रशिक्षक बहुतेक पुरुष. आणि नाशिकला अनेक वर्षं शिकवलेल्या एका मराठी प्रशिक्षिकेने २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांना सुवर्ण मिळवून दिलं, अंतिम फेरीत भारतालाच २७-२४ असं हरवून. त्या रात्री आमच्या पारावर तिचं कौतुक करावं की राग धरावा यावर एकमत झालं नाही. तिच्या हाताखाली आपल्याच मुली का नव्हत्या, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

लीगने काय केलं ते आकड्यांत सांगता येतं. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ मध्ये ती दीड कोटीच्या वर गेली, २०२३ मध्ये २ कोटी ६० लाख ५० हजार. आठ संघ होते, २०१७ पासून बारा झाले. पहिल्या वर्षी मुंबईचा संघ अंतिम फेरीत हरला आणि २०१५ मध्ये जिंकला, तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या पोरांना वाटलं की आता आपलं राज्य. तसं काही झालं नाही. लीगच्या बाकांवर प्रशिक्षक म्हणून हरियाणाचे आणि सेनादल-रेल्वेच्या परंपरेतले लोक जास्त दिसतात, आणि माझं प्रांजळ मत असं की त्यात पक्षपातापेक्षा आपला आळस जास्त आहे. आपल्याकडच्या जाणत्यांनी कागद केले नाहीत, मॅट मानली नाही, घड्याळ मानलं नाही. तरी आमच्या चिपळूण-खेडकडची आणि रोहा-पेणकडची मुलं लीगमध्ये पोचली, तीही बहुतेक मातीत शिकून.

मात्र कोटीच्या आकड्यांनी गावाचा एक गैरसमज केला. प्रो खेळून आलेला म्हणजे गब्बर, असं लोक धरून चालतात. सर्वांत वरच्या चार-सहा जणांची बोली वर्तमानपत्रात येते, राखीव बाकावर बसणाऱ्याची येत नाही. करार हंगामाचा. पुढच्या वर्षी नाव पुकारलं गेलं नाही की संपलं. गुडघा फाटला तर शस्त्रक्रियेनंतरचे आठ-नऊ महिने स्वतःच्या खिशातून. अण्णांच्या पिढीचा गुडघा फाटला तर बँक होती.

आणि बँका आता खेळावर माणसं घेतात ती फार थोडी. संघ चालवणाऱ्या आस्थापना खेळाडू ठेवतात, पण अनेकदा करारावर, शिष्यवृत्तीच्या नावाखाली, वर्षा-दोन वर्षांसाठी. पोलीस आणि रेल्वे सोडले तर कायमची नोकरी मिळणं कठीण. कारखान्यांत कंत्राटी भरती. म्हणजे बनियनवर आस्थापनेचं नाव आहे, पत्रकावर ‘व्यावसायिक गट’ आहे, आणि आत खेळणाऱ्याला ना कारकुनीचा पगार, ना लीगची बोली. असा खेळाडू तिशी ओलांडून गावी येईल तेव्हा त्याच्यामागे निवृत्तिवेतन नसेल. सकाळी साडेपाचला तो मैदानावर यावा असं वाटत असेल तर त्याच्या घरातला गॅस कोणी तरी भरायला हवा.

सभेत हे मी बोललो नाही. अण्णाच बोलले. ते म्हणाले की त्यांनी कधी फुकट शिकवलं नाही. बँकेने चाळीस वर्षं पगार दिला, आता निवृत्तिवेतन देते, आणि त्यांना गावाच्या पैशांची गरज पडली नाही एवढंच. त्यावर पाचेक मिनिटं कुणी बोललं नाही, मग सगळे एकदम बोलले.

शेवटी पैसे द्यायचे ठरले, मुलाने मागितले होते त्याच्या निम्मे. चिटणीसांनी इतिवृत्तात ‘मानधन’ लिहिलं. एकाने हरकत घेतली की मानधन म्हटलं तर उद्या भजनीबुवाही मागतील. ते खोडून ‘व्यावसायिक शुल्क’ लिहिलं, तर दोघे उठून उभे राहिले. पाऊण तास त्यात गेला. सध्या वहीत ‘प्रवासखर्च’ असं आहे. त्या मुलाचं घर देवळामागे, मैदानाला लागून आहे.